कौसाकाकूंची भिंत

कौसाकाकू कामावरून आल्या की पाणी प्यायच्या आधी भिंत बघायच्या. डोक्यावर रिकामं घमेलं तसंच, पदर कमरेला खोचलेला, पाय नडग्यांपर्यंत धुळीनं भरलेले, आणि काकू उंबरा ओलांडून सरळ भिंतीपुढं उभ्या. दाराजवळून सुरुवात करायची आणि चुलीकडं सरकत जायचं. मधेच थांबून त्या लेकीला विचारायच्या, "आगं मंगल, ही म्हातारी कोन? आपल्या दारात कशाला आलती?"

"इस्तू मागाया."

"मग दिलास का?"

"दिला की."

"आन् हिच्या हातात तर काठी हाय. इस्तू कशात न्हेला?"

मंगल विचारात पडायची. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या रिकाम्या हातात गोवरीचा तुकडा आलेला असायचा, आणि त्यातून धूरही निघत असायचा.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. येरमाळ्याहून आत गेलं की आमचं गाव. मंगल तेव्हा सात-आठ वर्षांची, माझ्याहून थोडी लहान. तिची शाळा बंद झाली होती, कारण बापूला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बापू तिचा भाऊ. आजोबांचं नाव ठेवलेलं म्हणून सगळं गाव त्याला मानानं बापू म्हणायचं, आणि बापू उघडेनागडे अंगणात माती खात बसलेले असायचे. त्यांचे वडील बार्शीला तेलाच्या गिरणीत लागले होते, सणावाराला यायचे. काकू पाझर तलावाच्या कामावर जायच्या. सकाळी निघायच्या, दिवस मावळताना परत. येताना कामावर खाऊ म्हणून वाटलेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायच्या. आमचं घर शेजारीच. माझे वडील सेवा सोसायटीचे सचिव, त्यामुळं आईला कामावर जावं लागत नव्हतं. ती मधूनमधून मंगलकडं डोकावायची, पण तिलाही पाण्याच्या मागं अर्धा दिवस घालवावा लागायचा.

भिंतीचं सुरू झालं ते एका रडण्यावरून. बापूनं पहिलं पाऊल टाकलं ते काकू कामावर असताना. संध्याकाळी आईनं सहज सांगितलं, "कौसा, बापू चालला गं आज." आईला वाटलं, काकूंना कोण आनंद होईल. काकू दारातच मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. "समद्या गावानं बघितलं वैनी, म्याच न्हाय बघितलं. हिला इचारलं, दिसभर काय झालं, तर म्हनती काय न्हाय. काय न्हाय कसं? लेकरू दिसभर काय तरी करतच आसंल की!"

मंगल मुळातच अबोल. काकूंनी डोळे पुसले, चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि तिच्या हातात दिला. "तुला सांगाया येत न्हाय तर हितं काढून ठिव. बापू उठला, काढ. जेवला, काढ. पडला, काढ. म्या आल्यावर वाचीन." काकूंना अक्षरओळख नव्हती, पण शब्द त्यांनी तोच वापरला.

आईला ते पटलं नाही. "भिंत घाण होतीय की गं," म्हणाली. आमच्याकडं दरसाल नवरात्राच्या आधी पांढरी माती पाण्यात कालवून, चिंध्यांच्या बोळ्यानं घराच्या सगळ्या भिंती पोतारतात. पोतारल्याशिवाय घरात घट बसत नाही. पण त्या साली प्यायलाच पाणी नव्हतं, भिंतींना कुठून आणणार? सगळ्या गावाच्या भिंती मळक्या राहिल्या होत्या. काकू म्हणाल्या, "आशीबी कळकटलीच हाय वैनी. पोरीनं काढलं तर काय बिघडंल?"

मी पुढं शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. अजूनही पालकांच्या सभेत मला बोलावतात. विषय ठरलेला, घरच्या घरी मुलांच्या कल्पकतेला वाव कसा द्यावा. पालक महागडे रंग घेतात, सुट्टीतले वर्ग लावतात, पोरानं दोन रेघा मारल्या की "वा! वा!" करून मोकळे होतात. मीही तिथं चार ठरलेल्या गोष्टी सांगते आणि नारळ घेऊन घरी येते. कौसाकाकूंचं मात्र तिथं सांगावंसं वाटत नाही. सांगायला घेतलं तर ते निम्म्यावर सोडता येत नाही, आणि पुरतं सांगितलं तर सभेचा विचका होईल.

काकू मंगलला कधी छान म्हणाल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "काकू, किती छान काढलंय हो हिनं!" तर मलाच दटावलं. "छान म्हनू नगं. छान म्हनलं की झालं, लेकरू हात झाडून उठतंय. इचारावं." आणि त्या विचारायच्या. कुत्रं काढलं तर, "हे कुनाकडं बघून भुकतंय?" टँकर काढला तर, "आन् मानसं कुठायत? टँकर आला आन् मानूस न्हाय, आसं कुटं आसतंय?" मग दुसऱ्या दिवशी टँकरभोवती घागरींची झुंबड उडालेली असायची. त्यात माझी आई ओळखू यायची, कारण तिचा अंबाडा वर बांधलेला असायचा, आणि ती कुणाशी तरी भांडत असायची. आईनं ते बघितल्यावर दोन दिवस काकूंशी अबोला धरला होता.

कोळशाच्या जोडीला तांबडी काव आली, हळद आली. भिंत खालून वर भरत गेली. मंगलचा हात पुरेना तेव्हा ती उखळावर उभी राहायची. चित्रं दाटीवाटीनं, पण मुलीचा एक नेम होता. दिवस दाराशी उगवायचा आणि चुलीशी मावळायचा. त्यामुळं काकूंना कुठून बघायचं ते बरोबर कळायचं. आणि सगळीकडं बापू. रांगणारा बापू, कोंबडीच्या मागं धावणारा बापू, रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी थुंकणारा बापू. त्याच्या कपाळावर उजव्या बाजूला केसांचा एक भोवरा होता, तो मंगल कधीच विसरायची नाही. आमच्या गावात तेव्हा फोटो काढायचा तर कळंबला जावं लागायचं, आणि जायचं ते लग्न ठरल्यावर. बापूचा फोटो नव्हता. जे काही होतं ते या भिंतीवर.

उन्हाळा वाढला तसं पाणी आणखी वाईट झालं. ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी लोक फडक्यानं गाळून प्यायचे. गावात हगवण सुरू झाली. एके रात्री बापूलाही दोन-चारदा झालं. सकाळी तो जरा शांत वाटला, म्हणून काकू कामावर गेल्या. खाडा केला तर हजेरीवरून नाव कमी व्हायचं. आई त्या दिवशी टँकरच्या रांगेत होती, मी शाळेत.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा मी त्यांच्या दारातच होते. त्या नेहमीसारख्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. वरची जागा संपली होती, म्हणून त्या दिवसाचं मंगलनं जमिनीलगत मोकळ्या राहिलेल्या पट्टीत काढलं होतं. दाराशी बापू झोपलेला होता. त्याच्या पुढं पुन्हा बापू झोपलेला. मग मंगल पाणी पाजते आहे आणि बापू झोपलेला. पार चुलीपर्यंत बापू झोपलेलाच. काकू हसल्या. "आज लईच शान्यावानी निजला की माझा सोन्या! ताईला तरास दिला न्हाई व्हय?" एवढं बोलून त्यांनी घमेलं उतरवलं, तोंडावर पाण्याचे चार थेंब मारले आणि मग त्या झोळीपाशी गेल्या.

बापूचे डोळे अर्धवट उघडे होते. टाळू खोल गेली होती. काकूंनी त्याला उचललं तर मान मागं कलंडली. त्यांचा आवाज ऐकून सगळी गल्ली धावली. सोसायटीत खताची पोती टाकायला ट्रक आला होता, वडिलांनी तोच थांबवला. काकू बापूला घेऊन पुढं बसल्या. कळंबचा दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

दिवसभर पोर निपचित पडून होतं, आणि मंगलनं जे दिसलं ते काढलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला झोप आणि ग्लानी यातला फरक कसा कळावा? तो काकूंनाही भिंतीवर बघून कळला नव्हता. मंगलला कुणी एका शब्दानं बोललं नाही, उलट जो तो म्हणायचा, पोरीचा काय दोष. पण जो तो तसं म्हणतो म्हणजे दोषाचा विचार करतो, एवढं लहान मुलांनाही समजतं. त्या दिवसापासून मंगलनं कोळशाला हात लावला नाही. ती आधीच अबोल होती, आता तर जवळजवळ मुकीच झाली.

दहावा झाला. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "कौसा, आमच्यातल्या घागरी देतो, पर ही भिंत पोतारून घे. गेलेलं लेकरू आसं डोळ्याम्होरं ठिवू नये." काकूंचे मालक बार्शीहून आले होते, तेही तेच म्हणाले. तेव्हा मी काकूंचा अवतार बघितला. एरवी मान वर करून न बोलणारी बाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "माझ्या बापूला हात लावाल तर बघा. दुसरं काय ऱ्हायलंय त्याचं माझ्याजवळ?" मालकांनी पुन्हा विषय काढला नाही.

काकू कामावर जात राहिल्या. आता मंगलला शाळेत घातलं होतं, कारण घरी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. आल्यावर त्या भिंतीपुढं बसायच्या. मग मंगलला जवळ घ्यायच्या आणि काहीबाही विचारायच्या. "आज शाळंत काय झालं? काढून दाव की." मंगल मान हलवायची. काकूंनी नीळ आणली, पळसाची फुलं उकळून केशरी रंग केला, माझ्या वडिलांकडून सोसायटीची लाल-निळी पेन्सिल मागून घेतली. मंगल त्या सगळ्या वस्तू नीट फळीवर ठेवून द्यायची. एक दिवस काकू आईला म्हणाल्या, "वैनी, एक गेलं. आन् हे दुसरं हितंच बसून चाललंय. म्या काय करू सांगा." आई काय सांगणार? ती म्हणाली, "होईल हळूहळू." आई सगळ्याच गोष्टींना तेच म्हणायची.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला. विहिरींना पाणी आलं. नवरात्र जवळ आलं तसं साऱ्या गावाला पांढऱ्या मातीचा वास सुटला. दोन वर्षांचा मळ जायचा होता, बायका हौसेनं भिंतींना लागल्या होत्या. काकूंनी मात्र घर तसंच ठेवलं. यंदाही घट बसवणार नाही म्हणाल्या. लोक कुजबुजले. मला त्यांचं बरोबरच वाटत होतं, कारण बापूला मीही कडेवर घेतलेलं होतं.

मग एका संध्याकाळी काकू माझ्या आईकडं आल्या, तोंड पांढरंफटक. मी ओट्यावर अभ्यास करत होते. त्या म्हणाल्या, "वैनी, म्या आत्ता दारातून बघितलं. पोरगी भिंतीपशी बसली हाय. आन् झोपल्याल्या बापूच्या नाकाखाली बोट धरतीय. आसं." त्यांनी स्वतःच्या नाकाखाली आडवं बोट धरून दाखवलं. "एक झालं की दुसऱ्या चित्राला. दुसरं झालं की तिसऱ्याला. श्वास बघतीय वो ती. रोजच बघत आसंल. म्या रोज हितंच हाय आन् मला आज दिसलं." यावेळी आई "होईल हळूहळू" सुद्धा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी काकू कामावर गेल्या नाहीत. ओढ्यापलीकडच्या खाणीतून पांढरी माती घेऊन आल्या, घमेल्यात भिजत घातली. मला हाक मारून म्हणाल्या, "सुलू, तू बस मंगलपशी." मंगल कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसले. काकूंनी बाकीच्या तिन्ही भिंती बोळ्यानं भराभर पोतारल्या. चौथ्या भिंतीपाशी आल्यावर बोळा टाकून दिला आणि हातच मातीत बुडवला.

त्यांनी दाराकडून सुरुवात केली. म्हातारी गेली, टँकर गेला, माझी भांडणारी आई गेली. रांगणारा बापू आला तेव्हा काकूंचा तळवा त्याच्यावर जरा वेळ टेकून राहिला, मग फिरला. त्या रडत नव्हत्या. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. मंगल ओरडली, "आई, नगं!" कित्येक महिन्यांनी मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला. ती उठून काकूंच्या हाताला लोंबकळली. काकूंनी दुसऱ्या हातानं तिला पोटाशी धरलं आणि पोतारणं चालूच ठेवलं.

ज्यांनी भिंती पोतारल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, ओली पांढरी माती काही झाकत नाही. खालचं सगळं दिसत राहतं, उलट कोळसा जास्तच काळा दिसतो. पांढरेपण येतं ते वाळल्यावर. भिंत पोतारून झाली तरी बापू सगळीकडं तसाच होता. काकू मंगलला मांडीवर घेऊन समोर बसल्या. मीही बसून राहिले. भिंत वरून वाळत आली. वरचे बापू आधी गेले, मग मधले. खालचा, चुलीजवळचा, सगळ्यात शेवटी. राखाडी झाला, मग त्याची नुसती छटा राहिली. काकूंनी उठून आणखी एक हात दिला आणि तो वाळल्यावर काहीच उरलं नाही.

"म्या पुसलंय," काकू मंगलला म्हणाल्या. "तू न्हाय. ध्यानात ठिव, म्या पुसलंय." मग चुलीतला एक कोळसा काढून त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी ठेवला.

मंगलनं तो लगेच उचलला असं मी म्हणणार नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. भिंत कोरी आणि कोळसा जागच्या जागी. काकू रोज आल्यावर त्या कोऱ्या भिंतीपुढं पहिल्यासारख्याच उभ्या राहायच्या, दाराकडून चुलीकडं बघत जायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. थंडी पडल्यावर एका संध्याकाळी खाली, अगदी जमिनीलगत, एक कोंबडी निघाली होती. मूठभर असेल. काकू तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि सवयीनं विचारून गेल्या, "हिची पिल्लं कुठायत?" विचारलं आणि जीभ चावली. मंगलनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "आंड्यात हायत आजून."

त्यानंतर ती थांबली नाही. काकूंचं विचारणंही थांबलं नाही. पुढं काही वर्षांनी आमच्या गावात दूध संस्था निघाली, तिला पक्की इमारत झाली आणि भिंतीवर गाय काढायचं ठरलं. मंगल तेव्हा दहावीत. चेअरमननी तिला बोलावून बजावलं, "गाय काढ, पण वासरू काढू नको. वासरू दिसलं की दूध तेच पितंय असं वाटतं, संस्थेला काय राहिलं?" मंगलनं मान डोलावली आणि गायीच्या कासेला वासरू लावून टाकलं. चेअरमन चिडले, पण उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी वासराचंच कौतुक केल्यावर ते आपणच सांगितलं होतं असं म्हणू लागले. पुढं मंगल ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन लोहाऱ्याच्या बाजूला एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली.

त्या उद्घाटनाच्या दिवशी मी सुट्टीला आले होते. गर्दी पांगल्यावर काकू त्या गायीपुढं खूप वेळ उभ्या होत्या. आम्ही बरोबरच घराकडं निघालो. वाटेत न राहवून मी विचारलं, "काकू, त्या दिवशी भिंत पुसताना तुमचा हात कसा धजला हो?"

"मेल्यालं लेकरू भिंतीवर, आन् जितं भिंतीखाली बसल्यालं. कुनाकडं बघावं म्या?" त्या म्हणाल्या. थोडं चालून गेल्यावर थांबल्या. "पर सुलू, एक सांगते. मला त्येचं तोंड आता आठवत न्हाय. भवरा आठवतो. तोंड न्हाय येत डोळ्याम्होरं. लई दिसांपून न्हाय. हे मंगलला कदी सांगू नगं."

काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. दहाव्याला मी गावी गेले होते. बायका उठून गेल्यावर मंगल आणि मी दोघीच मागं राहिलो. तेव्हा तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते. ती म्हणाली, "सुलू, तुला म्हणून सांगते. इतकी वर्षं मुलांना चेहरे काढायला शिकवते, पण बापूचा चेहरा मला कधी काढता आला नाही. आठवतच नाही. आईला मात्र पाठ होता, म्हणून मला कधी तो हरवल्याची भीती वाटली नाही. आईजवळ होता ना तो?"

मी म्हटलं, "हो. शेवटपर्यंत होता."